बशीरभाईंचा डाववाला

बशीरभाई जेवायला आले की मी खजुराची बशी लांब ठेवायची. हाताला लागली की झालंच! अकरा खजूर एका बाजूला, अकरा पिस्ते समोर, आणि आमच्या टेबलावर अमेरिकन फुटबॉल सुरू.

"सिस्टरबाई, हा खजूर बघा. पळणार असं वाटतंय ना? नाही पळणार!"

"मला तो खायचाय, बशीरभाई."

"थांबा हो, डाव तरी होऊ द्या."

बशीरभाई मूळचे दापोलीकडचे. सौदीत, खोबर शहरात आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. मी तिथे वॉर्डात नर्स, आमचे हे स्टोअरला. बशीरभाई आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. बायको लवकर गेली, मुलगा परवेझ गावी आत्याकडे वाढला आणि आता अमेरिकेत कॉलेजात होता.

इराक कुवेतमध्ये घुसला, त्या वर्षीची गोष्ट सांगतेय मी. आम्ही सगळे बातम्यांना कान लावून बसलेलो, बॅगा भरलेल्या, मालकाकडे, म्हणजे कफीलकडे, अडकलेल्या पासपोर्टसाठी त्याच्या मागे लागलेलो. बशीरभाईंची काळजी वेगळीच. परवेझच्या कॉलेजच्या टीमला नवा डाववाला आला होता.

डाववाला हा त्यांचाच शब्द. त्या खेळात म्हणे चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं. पण दर वेळी काय करायचं ते पोरं ठरवत नाहीत, कडेला उभा एक माणूस कानाला हेडफोन लावून, तोंडापुढे कागद धरून ठरवतो. जवळच्या तेल कंपनीच्या वसाहतीचं इंग्रजी चॅनेल आमच्या अँटेनावर यायचं, त्यावर या टीमचे सामने अधूनमधून लागायचे. सगळं जग चेंडू बघतं, बशीरभाई त्या कागदवाल्याला बघायचे आणि वहीत लिहायचे.

"जुना भित्रा होता हो. सारखं आपलं मधूनच घुसा! हा नवा दोनदा उजवीकडे पळवतो. समोरचे उजवीकडे झुकले, की फेक डावीकडे!"

"आणि तिकडच्याला झेलता नाही आला तर?"

"तर नशीब. पण डोकं किती लावलंय ते बघा!"

ड्युटीवरही तेच. "श्वास घ्या, रोखा," असं सांगायचं आणि नेमका तेव्हाच यांना कुठला तरी डाव आठवायचा. एकदा एक सौदी आजोबा लालबुंद होईपर्यंत श्वास धरून बसले. शेवटी तेच ओरडले, "खलास?"

"क्रिकेट सोडून हे काय काढलंत?" मी एकदा विचारलं.

वही मिटून म्हणाले, "परवेझचा महिन्यातून एक फोन येतो. 'अब्बा, बरे आहात?' 'बरा आहे. अभ्यास?' 'चालू आहे.' पुढे दोघांनाही काही सुचत नाही. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जाणारा बाप मी, काय बोलणार? म्हटलं, त्याच्या कॉलेजचं काहीतरी आपल्याला यायला पाहिजे."

"मग बोललात का?"

"अजून नाही. आधी अभ्यास पक्का होऊ दे."

जानेवारीत लढाई सुरू झाली. खिडक्यांना प्लॅस्टिक, दारांना चिकटपट्ट्या, कोपऱ्यात गॅसचे मुखवटे. अशाच एका दुपारी आमचा फोन वाजला. परवेझ! तिकडे अजून उजाडलंही नसेल. आमच्या बाजूला क्षेपणास्त्र पडल्याचं टीव्हीवर बघून पोरगा घाबरला होता. जिन्यातून हाक मारली तर बशीरभाई एकाच पायात चप्पल घालून धावत आले.

"बरा आहे रे मी. ते सोड. तुमच्या त्या नव्या डाववाल्याबद्दल बोलायचंय."

मग त्याचं ऐकून घेतलं. रिसिव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "सिस्टरबाई, यानं एकही मॅच बघितली नाही. म्हणतो, वेळच नसतो."

असा चेहरा पडला हो त्यांचा! चार महिने राबला होता माणूस. मला राग आला, कुणाचा ते विचारू नका.

"मग विचारा की त्याला," मी जरा जोरातच म्हटलं, "जातो कुठे एवढा वेळ?"

त्यांनी विचारलं. अगदी हळू, परक्याला विचारावं तसं.

मी चहा टाकायला गेले. परत येऊन बघते तर बशीरभाई खाली फरशीवर मांडी घालून बसलेले, रिसिव्हर दोन्ही हातांनी धरलेला.

"कँटीनमध्ये काम? पहाटे चारला उठून? आणि जेवतोस कधी? ... हं. ... हं."

पाव तास झाला, चहावर साय धरली, तरी तिकडून परवेझच बोलत होता.