पांडूभाऊ माती शिजवतात

थंडीच्या दिवसांत आमचे शेजारी पांडूभाऊ स्वतः बनियनवर कुडकुडायचे आणि अंगावरची गोधडी चाळीच्या अंगणातल्या कचऱ्याच्या ढिगाला पांघरायचे. वर त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसं बघायचे आणि मला हाक मारायचे, "वयनी, या, हात लावा! कशी भातासारकी शिजतेय!"

"माझा भात चुलीवर आहे, तो करपेल," मी म्हणायची.

शिजत होती ती माती, बरं का! सालवडच्या आमच्या चाळीत खाली सगळी फरशी, औषधाला माती नाही. मग पांडूभाऊंनी ती घरीच करायला घेतली. भातगिरणीतला तूस अर्धवट जाळायचा, त्यात शेण, पेंढा, पालापाचोळा, नारळाच्या सोडणाचा कुटलेला काथ्या. सगळं फुकटातलं. मुरलं की गोणीत भरायचं आणि त्यात वांग्याची रोपं लावायची. मी दुधीची सालं टाकायला निघाले की आडवे यायचे. "अवो, माती फेकता काय?" कारखान्यात कामाला असलेले वरच्या खोलीतले यादव नाक धरून ओरडायचे, "चाचा, बहुत बास मारता है!"

"आज बास, कल बैंगन!" पांडूभाऊ खालून.

हसायचो आम्ही. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बोईसरला कारखाने येत होते तेव्हा पांडूभाऊंनी शेत देऊन टाकलं, बायकोला, जमनाला, न विचारता. त्या शेताच्या बांधाला जमनाची वांगी असायची. ती बिचारी भांडलीसुद्धा नाही. "माजी वांगी परत दाव, मंग मला बोलाव," एवढंच म्हणाली आणि सातपाटीला बहिणीकडे निघून गेली. तिथे मासळी सुकवायच्या कामाला लागली. तेव्हापासून हा माणूस फरशीवर शेत उभं करत बसला होता.

पहिल्या वर्षी शेण कच्चं राहिलं, मुळं जळाली. दुसऱ्या वर्षी रोपं धरली, पण जरा पिवळी. कुणीतरी सांगितलं, मासळीचा कचरा घाला. झालं! केसांना तेल चोपडून, धुवट सदरा घालून पांडूभाऊ सातपाटीला गेले आणि गोणभर केर घेऊन आले. चाळीतली सगळी मांजरं मागोमाग.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मला शंका आली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तर लोणच्यासारखी खारट!

"अहो, हा खारवलेल्या मासळीचा केर! यात वांगी येतील होय?"

ते नळावरून बादल्या आणून माती धूत बसले. पाण्यावरून बायकांनी शिव्या घातल्या, त्याही ऐकून घेतल्या. रोपं मेली ती मेलीच.

"ती गोण द्या फेकून," मी म्हटलं. "नुसत्या शेणातुसावर आली असती तुमची वांगी."

"आली आसती," म्हणाले.

पुढच्या हंगामात माती छान झाली. काळीभोर, भुसभुशीत. रोपांना कळ्या धरल्या. मला वाटलं, सुटला बिचारा. तर एका सकाळी बघते, केसांना तेल, धुवट सदरा, खांद्यावर रिकामी गोण.

"पुन्हा मीठ आणून घालणार? जमनाला वांगी दाखवायचीत ना?"

पांडूभाऊ पायरीवर टेकले. "वांगी बगून ती येनार नाय, वयनी. मला कळतंय ते. पन तिकडं मासळी सुकवायचं आंगन ती झाडते. बोलत नाय, वर बगत पन नाय. गोण भरून देते. तवर समोर उबं राहाता येतं."

मी आत जाऊन सुतळीचा तुकडा आणला. "ही तरी न्या, गोणीचं तोंड बांधायला."

"नको," ते उठत म्हणाले. "सुतळी आणायला ती घरात जाते. मंग परत भायेर येते."