चुकीची हाक धरली जाणार नाही

बोरफाट्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रियदर्शनी चार वर्षांची नर्सिंगची पदवी घेऊन रुजू झाली, पण तिच्या पदवीला शोभेल अशी हाक तिला आजवर कुणी मारली नव्हती. पेशंट 'सिस्टर' म्हणत, म्हातारेकोतारे 'नरसबाई' म्हणत, आणि एका गृहस्थाने तर सरळ 'ओ सुईवाली' म्हटलं होतं. नवरा रविराज परवापरवापर्यंत ग्रामसेवक होता. सरकारने एका कागदावर पदाचं नाव बदललं आणि तो रातोरात ग्रामपंचायत अधिकारी झाला. सासूबाई तुळजाबाई नांदूरघाटच्या बाजारात भाजीवाल्यांनासुद्धा सांगून आल्या, "आमचा रवी अधिकारी झाला!" कुणी सुनेचं विचारलं की म्हणायच्या, "ती व्हय? ती दवाखान्यात सुया टोचती." हे मात्र प्रियदर्शनीला फार लागायचं.

तिला सातवा महिना होता. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी एकदा तरी कुणीतरी आपल्याला अधिकारी म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. डोहाळे म्हणा हवं तर! तिने रीतसर अर्ज केला.

वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज पाहून उत्साह आला, कारण त्यावर समिती नेमता येत होती. 'संबोधन निश्चिती समिती'ची बैठक चहा-बिस्किटांसह पार पडली. डॉक्टरांत कुणी आयुर्वेदाचे होते, कुणी ॲलोपॅथीचे; लोक सगळ्यांना डॉक्टरच म्हणत, आणि तो विषय बैठकीत कुणी काढला नाही. नर्सेसमध्ये मात्र शिक्षणाच्या पायऱ्या होत्या आणि त्या जपणं गरजेचं होतं. प्रियदर्शनीची चार वर्षं, आफ्रीनची तीन, आणि सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेल्या चंद्रभागाबाईंची जेमतेम दोन.

"दोन वर्षांच्या कोर्सला आम्ही शिक्षण म्हणत नाही," प्रियदर्शनी भर बैठकीत बोलून गेली.

"नका म्हनू," चंद्रभागाबाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "पर आता मला बी नुस्तं सिस्टर म्हनायचं न्हाई. माझ्या सर्टिफिकीटावर पदाचं जेवढं नाव हाय, तेवढं समदं पायजे. एक अक्षर कमी चालनार न्हाई."

"आणि मी काय पाप केलंय?" आफ्रीन म्हणाली. "मलापण पाहिजे."

झालं! भिंतीवर निळा बोर्ड लागला. 'सिस्टर' हा शब्द रद्द, कारण शासकीय आवारात बहीणभावाचं नातं लावणं शिस्तीला धरून नाही. दोन वर्षांच्या शिक्षणास 'सहायक परिचारिका प्रसाविका महोदया', तीन वर्षांस 'अधिपरिचारिका महोदया', आणि चार वर्षांस 'शुश्रूषा अधिकारी महोदया'. खाली ठळक अक्षरांत: चुकीच्या संबोधनाने मारलेली हाक ही हाक धरली जाणार नाही. तसेच एकीच्या नावाने आलेल्या हाकेस दुसरीने ओ दिल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल.

पहिला फटका बसला बंकटला. दिंद्रुडचा हा धडधाकट गडी भाऊबंदांकडे आला होता, आणि लग्नातल्या बासुंदीने त्याला खाटेवर आणून टाकलं होतं. सलाईन संपलं, नळीतून रक्त उलटं चढायला लागलं आणि समोर प्रियदर्शनी उभी.

"ओ सिस्टर!"

प्रियदर्शनीने बोर्डाकडे बोट दाखवलं. बंकट अक्षरं जुळवायला लागला. "सु... सुसु... ओ सुसर अधिकारी!"

सगळा वॉर्ड फिस्सकन हसला. प्रियदर्शनी लालबुंद. "शु-श्रू-षा! पोटफोड्या ष!"

"बाई, माझंच पोट फुटाया लागलंय, त्यात अजून ष कावून फोडू?" बंकट रडकुंडीला आला. शेवटी त्याने एका हाताने बाटली धरली, दुसऱ्या हाताने नळीला चिमटा घातला आणि स्वतःच आफ्रीनला शोधत निघाला, कारण 'अधि' त्याला त्यातल्या त्यात सोपं वाटलं. त्या दिवसापासून तालुक्यात प्रियदर्शनीचं नाव सुसरबाई पडलं. अर्थात तोंडावर नाही. तोंडावर सगळे सुसरबाई तुझी पाठ मऊ याच सुरात बोलत.

प्रशासनाने दखल घेतली. केसपेपर काढण्याआधी पेशंटची आणि नातेवाइकांची उच्चारचाचणी सुरू झाली. रांगेत लोक ताप अंगावर घेऊन 'श्रू, श्रू' घोकायला लागले. दात पडलेल्यांना दंतवैद्याचा दाखला जोडल्यास नुसतं 'मॅडम' म्हणण्याची सवलत मिळाली. हळूहळू पेशंट हाका मारायचेच बंद झाले. पाणी हवं असेल तर शेजारच्या खाटेवरून मागत, फारच झालं तर घरी जाऊन विव्हळत.

महिन्याच्या अहवालात हाकांच्या रकान्यात शून्य आलं, तक्रारींच्या रकान्यात शून्य आलं. एवढं समाधानी रुग्णालय वरच्यांनी बघितलंच नव्हतं. पुरस्कार जाहीर झाला, आणि तो घ्यायला अधीक्षक साहेब नवा सफारी घालून बीडला गेले. बाकीचे डॉक्टर टाळ्या वाजवायला गेले.

नेमक्या त्याच दुपारी, रजेवर जायला चार दिवस असताना, प्रियदर्शनीला वॉर्डात कळा सुरू झाल्या. बंकटच्याच त्या खाटेवर ती आडवी झाली. दारात चंद्रभागाबाई स्टुलावर बसल्या होत्या, हाताची घडी घालून.

"बाई! ओ बाई!"

चंद्रभागाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"अहो, सहायक परि... आई गं!" कळ आली आणि गेली. "सहायक परिचारिका प्र... प्रसा... मेले गं बाई!"

"अर्धीच हाक आली," चंद्रभागाबाई भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या. "चार वरसं शिकलीया, एवढं तर म्हनता यायला पायजे. आमची दोनच वरसं, तरी पाठ हाय." पण बोलताना हाताची घडी सुटली होती, आणि त्या हात पदराला पुसायला लागल्या होत्या.

आफ्रीन पलीकडून धावत आली आणि उंबऱ्यावर थबकली. हाक तिची नव्हती. "या अल्ला, चाची, पोरीचा चेहरा बघा की! आता कारवाई झाली तर होऊ दे!"

तिसरी कळ आली ती मात्र पदव्या-बिदव्या विचारणारी नव्हती. प्रियदर्शनीने डोळे मिटले, लोखंडी खाटेची दांडी धरली, आणि सगळा जीव गोळा करून तो रद्द झालेला शब्द ओरडली, "सिस्टर! ओ सिस्टर, या की हो!"

दोघी धावल्या. पायांनी बोर्ड वाचलेला नव्हता. एकीने पाठीला हात दिला, दुसरीने बाळाला. चंद्रभागाबाई शिव्या देत होत्या, "लई शिकलीस, आता श्वास सोड, सुसरे!" मुलगी रडली तेव्हा चंद्रभागाबाईही रडल्या, आणि मग रडल्याचा राग येऊन आफ्रीनवर खेकसल्या.

संध्याकाळी अधीक्षक साहेब ट्रॉफी घेऊन परतले. तुळजाबाईंनी पेढ्यांचा मोठा बॉक्स त्यांच्या हातात ठेवला. "साहेब, तुमच्यामुळं समदं नीट झालं." साहेबांनी नम्रपणे मान हलवली. दुसरा बॉक्स ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला मिळाला. तो दिवसभर झोपलेला होता.

घरी आल्यावर शेजारणी जमल्या. कुणीतरी विचारलं, "साहेब तर बीडला गेलते म्हनं. मग बाळंतपन केलं कुनी गं?"

प्रियदर्शनी लेकीचं टोपडं सारखं करत होती. "कुणी म्हणजे? होत्या तिथे दोन सिस्टर."

हसू आलं ना तुम्हाला? येणारच. आता जरा आठवा: तुमचं बाळंतपण, नाहीतर तुमच्या आईचं ऑपरेशन. डॉक्टरांचं नाव आडनावासकट, डिग्रीसकट लगेच आठवलं. आणि तीन रात्री उशाशी जी उभी होती, तिचं नाव काय होतं?