मुक्या गडांची आणि परत येणाऱ्या जुन्या फाइलीची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो, आणि ज्यांची वाचा कोंडली त्यांस वाचा देवो. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी सरहद्दीच्या अंधशाळेतून सुनंदाबाई खरोटे यांचे पत्र दप्तरदार विश्वंभरपंत गोरटे यांस पावले होते, आणि पंतांनी उत्तर दिले नव्हते. बाईंनी लिहविले होते की, "तुम्ही धाडलेले संगणक मुके आहेत. पडद्यावरचे वाचून दाखविणारा आवाज उमटत नाही. आमच्या मुलींची परीक्षा पौषात त्यांवरच आहे. त्या ऐकणार काय आणि लिहिणार काय?" पंत स्वभावे भिडस्त, ग्रंथांत रमणारे, उत्तर लिहावयास बसत, आणि आपलेच काही चुकत असेल ऐसे वाटून कागद फाडीत.

हकीकत ऐसी. राज्यात विंडोजचा अंमल होता, आणि एकेक संगणक म्हणजे एकेक गड. गड बसविण्याची नवी रीत निघाली की समोर कोणी बसू नये. स्थापनेत जे जे सवाल पुसले जातील त्यांचे जबाब आगाऊ लिहून तबकडीत घालावे, तबकडी गडात सोडावी, आणि गड आपला आपण बसावा. रीत उत्तम, परंतु तबकडीतील आवाजाची फाइलच सदोष होती. आणि ती फाइल मानकऱ्यांपैकी, म्हणजे ज्यांवाचून गड चालत नाही त्या मुख्य फाइलींपैकी, आणि मानकऱ्यांवर विंडोजनेच रखवालदार नेमलेला. कोणी मानकरी बदलला तर रखवालदाराने नव्यावर मूळ कारखान्याचा शिक्का पाहावा, शिक्का नसेल तर त्यास हुसकावून गडाच्या कोठीत राखून ठेवलेला जुना आणून बसवावा, आणि ब्र काढू नये.

मग दिवाण भालचंद्रराव टिपरे स्वारीनिशी सरहद्दीस गेले, आणि कंत्राटदाराने घडविलेली बिनशिक्क्याची फाइल जुनीच्या जागी ठेवविली, आणि आवाज उमटला, आणि नारळ फुटला, आणि छब्या निघाल्या, आणि स्वारी जेवावयास गेली. राज्याचा रिवाजच तैसा, की नारळ फुटला म्हणजे काम जाहले. त्याउपर संगणक बंद करून पुन्हा चालू करून पाहणे अपशकुन मानीत. पंगतीत मीठ वाढले जात होते तोवर रखवालदाराने जुनी फाइल परत बसविली होती. पंतांनी दप्तरातील संगणकावर तोच प्रयोग करून पाहिला; पहिल्याने आवाज आला, आणि पुन्हा चालू करताच संगणक मुका. तेव्हा पंत भीत भीत दरबारी गेले.

दिवाण म्हणाले, "या पंत. त्या बाईंस लिहा, काम फत्ते जाहले. सोबत छबी जोडा."

पंत म्हणाले, "जी, परंतु बहुधा... पुन्हा चालू केले असता बहुधा..."

"बहुधा हे तुमचे आडनाव काय हो?" दिवाण म्हणाले, आणि दरबार हसला.

"पौषात परीक्षा आहे, रावसाहेब."

"मग पुढल्या पौषात देतील. आंधळ्या मुलींस घाई ती कसली?"

हे ऐकताच पंतांचे कान तापले आणि हातातील उपरणे गळाले. "घाई तुम्हांस होती, जेवावयाची!" पंत ओरडले. "बटण दाबून पाहावयास वेळ नव्हता, आणि नारळास होता! मुली छबी पाहणार आहेत काय?"

"आवाज खाली, पंत!"

"जन्मभर खालीच होता! मूळ कारखान्याने शिक्क्याची दुरुस्त फाइल कधीच धाडली आहे. तुमच्या बैठकीखाली ते बासन पडले आहे, आणि तुम्ही गाठही सोडली नाही!"

दिवाण लाल जाहले आणि म्हणाले, "तुमच्या उत्तरावर दरबारची मोहोर पडणार नाही, ध्यानी ठेवा." पंतांनी वाकून बैठकीखालचे बासन ओढून घेतले आणि निघाले.

मग पंतांनी शिक्क्याची फाइल मूळ तबकडीतच जुनीच्या जागी घातली, आणि कोठीतही तीच पडावी ऐशी तजवीज केली, म्हणजे रखवालदार जागा होण्याआधीच नवा मानकरी बसलेला असावा. तबकडी सोडून पंत हात मागे बांधून उभे राहिले, आणि गड आपला आपण बसला, आणि बोलला. बंद करून चालू केला, बोलला. खातरी वाटेना म्हणून आणखी एकवार केला, तरीही बोलला. तेव्हा पंतांनी लिहावयास घेतले, आणि या वेळी कागद फाडला नाही:

"सौभाग्यवती सुनंदाबाई यांस नमस्कार. संगणक दुरुस्त जाहले ऐसे जे तुम्हांस सांगितले गेले ते खोटे. सोबतची तबकडी घालावी, आणि गड बसेपर्यंत हात लावू नये. नंतर बंद करून पुन्हा चालू करावा, आणि बोलला तरच माझ्यावर विश्वास ठेवावा. यावर दरबारची मोहोर नाही. कोणी अडविल्यास माझे नाव सांगावे. विश्वंभर गोरटे."

येणेप्रमाणे आवाजाचा मानकरी बदलला, दिवाण रुष्ट जाहले, आणि पंतांनी मार्गशीर्ष सरण्याआधी स्वहस्ते तबकडी व उत्तर टपालात टाकिले. जैसे घडले तैसे लिहिले.