वायाळसाहेबांच्या ताया

वायाळसाहेब फोनवर पुरुषालाही ‘ताई’ म्हणतात. चुकून नाही, ठरवून. पलीकडून दणदणीत “कोण बोलतंय?” आलं की हे मधाळ आवाजात विचारतात, “ताई, घसा बसला का तुमचा?” पलीकडचा शिव्या घालतो. साहेब शांत. “फॉर्मवर हा नंबर ताईचा म्हणून लिहिलाय. सरकारी फॉर्म खोटा कसा असंल? म्हणजे तुम्ही ताईच.”

हे आमचे तपासनीस. नवऱ्याचा मार खाऊन येणाऱ्या बायांसाठी बदनापुरात आमचं समुपदेशन केंद्र आहे. त्याला सरकारची मान्यता लागते आणि ती दरवर्षी वाढवायची की नाही, हे वायाळसाहेब जालन्याहून येऊन ठरवतात. आधीचे साहेब भला माणूस. भजी, चहा, सही, संपलं. हे मात्र स्वतःची पाण्याची बाटली आणतात, खुर्चीवर स्वतःचा रुमाल अंथरतात आणि आमच्या बशीकडे ढुंकून बघत नाहीत. माझ्या सहकारी नसीमबाजी म्हणतात, “ये आदमी भजिया भी पंचनामा करके खाएगा!”

आमचं काम तसं झकास चाललं होतं. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, दोन तास समजवायचं, ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं नवऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि एकमेकांना पेढा भरवतानाचा फोटो फायलीत चिकटवायचा. झाला समेट. मग तीन महिन्यांनी पाठपुराव्याचा फोन. बायांकडे कुठला आलाय मोबाइल? नंबर नवऱ्याचाच. “बायको कशी आहे?” “मजेत.” रकान्यात लिहायचं, ‘सुखी’. फाइल बंद.

यंदा साहेबांनी त्या सुखी बायांना एकेक करून फोन लावला, तोही स्पीकरवर. अकरा फोन, अकरा ताया, अकराही मिशीवाल्या. साहेबांनी चष्मा काढला.

“मॅडम, तुमच्या समद्या सुखी बाया गड्याच्या आवाजात कशा बोलून राह्यल्या?”

माझं टाळकंच सरकलं. “साहेब, आम्ही इथं मोडलेले संसार जोडतो. तुम्हाला नुसते रकाने दिसतात!”

“जोडले ना? बराबर. मंग चला, बघून येऊ.” मान्यतेचा कागद त्यांनी सही न करता बॅगेत कोंबला. “बाई सोता बोलल्याबिगर सही न्हाई.”

मान्यता गेली तर केंद्राला कुलूप. काय करते? त्यांच्या नावानं बोटं मोडत निघाले. जाताना मुद्दाम रेखाची फाइल उचलली. माझा सगळ्यात झकास समेट! फोटोत नवरा अख्खा पेढा भरवतोय. म्हटलं, बघू दे या खडूस माणसाला.

रेखाच्या घरी दार नवऱ्यानं उघडलं. “मजेत हाय ती,” त्यानं परस्पर सांगून टाकलं. साहेबांनी त्याला अंगणात बसवलं, लांबलचक फॉर्म काढला आणि त्याच्या आज्याच्या नावापासून सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात गेले.

रेखा चुलीपुढून उठली. दंड काळानिळा पडला होता. हळूच म्हणाली, “मॅडम, रागावू नका. तुमचा फोन आल्ता ना, त्या दिवशी लई मारलं. केंद्रात काय चुगल्या करून आली म्हणला. फोन नका करू.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनंच विचारलं, “आष्टीला आईकडं सोडता का मला?” पाच मिनिटांत तिची पिशवी भरली. नवरा आडवा आला. साहेब मधे उभे राहिले. “ताई, फॉर्म अर्धाच झालाय. बसा खाली.” पोलिसांना फोन लावलेला मोबाइल त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

रेखाला आष्टीला तिच्या आईच्या स्वाधीन केलं. परतताना मी म्हणाले, “चुकलं माझं, साहेब. पण तुम्हाला कसं कळलं?”

साहेब खिडकीबाहेर बघत बोलू लागले.

“माझ्या बहिणीच्या समेटावर साक्षीदार म्हणून सही माझीच हाय. नंतर मी दर रविवारी फोन करायचो. दाजी उचलायचे, मजेत हाय म्हणायचे. मला बरं वाटायचं. मंग एक दिवस दाजीनंच फोन केला. तिच्या मातीला या म्हणले.”

त्यांनी डोळे पुसले.

“वरीसभर तिचा आवाज ऐकला न्हवता मी, मॅडम. अन् माझ्या ध्यानातबी आलं न्हाई.”