जोर की लोटांगण

आडिगुनचं लग्न त्याच्याच ढेरीवर येऊन अडलं होतं. मागणी घालायला मोरेनिकेच्या घरी तो पहिल्यांदा गेला तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्यांपुढे छाती टेकून लोटांगण घालायचं सोडून त्यानं नुसता एक हात जमिनीला लावला आणि लगेच सरळ झाला. खाली गेलो तर वर येणार नाही, ही भीती. तिचे थोरले काका कडाडले, "इबादान शहरातल्या पोराला वाकायला कमीपणा वाटतो? साखरपुड्याला छाती टेकली नाही, तर पोरगी विसर!"

"गर्व नाही हो काका, पोट आहे," असं भर बैठकीत कोण सांगणार? बिचारा मान खाली आणि पोट आत घालून घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून पोटाला प्लास्टिक गुंडाळून त्यानं जोर काढायला सुरुवात केली. खोलीत हातपाय पसरायला जागा नव्हती, म्हणून उजाडताना अंगणात, फाटकाकडे तोंड करून. कसाबसा एक जोर काढून तो मातीत आडवा झाला, तर समोर काडीनं दात घासत शेजारचे आलाबीबाबा उभे.

"वा रे पोरा! सकाळी सकाळी लोटांगण!" म्हणत बाबांनी त्याच्या खापरपणजोबापासून घराण्याची स्तुती गायला घेतली. थोरला माणूस 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नसतं. आणि 'बाबा, हे तुमच्यासाठी नव्हतं' असं म्हातारबाबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आडिगुन धुळीत नाक खुपसून प्रत्येक आशीर्वादाला 'आमीन' म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा आपल्या मित्राला घेऊन आले. हळूहळू गल्लीतले सगळे म्हातारे सकाळी फाटकाशी जमू लागले.

"मला नाही घातलंस अजून," एक आजोबा रुसून म्हणाले.

आडिगुननं दात खाऊन आणखी एक जोर काढला. व्यायाम तर भरपूर होत होता, पण असा गुणी पोरगा उपाशी कसा ठेवायचा? म्हाताऱ्यांच्या बायका कुटलेल्या याम कंदाचे गोळे आणि एगुसीच्या बियांचं कालवण पाठवू लागल्या. थोरल्यांच्या घरचं अन्न नाकारणं म्हणजे उद्धटपणा. सकाळी झिजलेलं पोट दुपारी व्याजासकट परत यायचं.

ही कीर्ती काकांच्याही कानावर गेली. मोरेनिकेचा फोन आला. "काकांच्या डोळ्यांत पाणी आलं रे तुझं ऐकून. एवढा नम्र कधी झालास?"

"झालो आपला," आडिगुन पुटपुटला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या रात्री ताटातला गोळा त्याच्या घशाखाली उतरेना. अर्थात शेवटी उतरला.

साखरपुड्याला गल्लीतले सगळे म्हातारे वरपक्ष म्हणून ऐटीत बसले. आडिगुन काकांपुढे आडवा झाला. ढेरी टेकली, पण छाती टेकेना. डोकं खाली नेलं की पाय वर, पाय खाली नेले की डोकं वर. शेवटी जीव खाऊन त्यानं छाती टेकवली.

"ऊठ, बाळा," काका गहिवरून म्हणाले.

आडिगुन हलला नाही.

"ऊठ रे, पुरे आता."

"काय हा आदर!" एका आत्याबाईनं डोळे पुसले. तेवढं मात्र आडिगुनला सहन झालं नाही.

"आदर नाही हो!" तो चटईत तोंड ठेवूनच म्हणाला. "मला उठताच येत नाहीये. आणि गल्लीतली ती लोटांगणंही खोटी. पोट कमी करायला जोर काढत होतो मी. तुम्हा सगळ्यांना फसवलं."

आलाबीबाबा काठी टेकत पुढे आले.

"आम्हाला काय दिसत नाही? लोटांगण घालताना कुणी 'मेलो, मेलो' करत आकडे मोजतं का?"

"मग रोज का यायचात, बाबा?"

"आमची पोरं नोकरीला लागोसला गेली. आता फोनवरूनच हात हलवतात. तू नाहीतरी खाली जातच होतास. म्हटलं, समोर जाऊन उभं राहावं."

काकांनी घसा खाकरला, बाह्या सावरल्या, आणि मोरेनिकेच्या दोन भावांना हाताशी घेऊन जावयाला ओढून उभं केलं.

आडिगुननं अंगरखा झटकला, बाबांकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खाली गेला.

"अरे, आत्ता तर उठवला ना!" काका ओरडले.

पण आडिगुनची छाती टेकली होती, आणि या खेपेस त्यानं आकडे मोजले नव्हते. बाबांनी 'ऊठ' म्हणायला बराच वेळ लावला.