सैल डावा, घट्ट उजवा

ऊसतोडीच्या दिवसांत तुलसीरामची बोटं सकाळी वळायचीच नाहीत. मोरिशसातल्या सें पिएरची ऑगस्टातली थंडी काही बर्फाची नव्हे, पण कोयता धरून धरून आखडलेल्या बोटांना तेवढी पुरे. एरवी त्याच्या बायकोने, विद्यावतीने, याची फिकीर केली नसती. पण चतुर्थी पंधरा दिवसांवर आली होती, आणि झाकडी नाचाला ढोलकी वाजवायचा मान तुलसीरामचा होता, त्याआधी त्याच्या बापाचा. रविवारी सकाळच्या तालमीत त्याचा ताल दोनदा सुटला, तेव्हा मंडळाचे बाबूराव म्हणाले, "पुढल्या रविवारी चुकलास, तर यंदा गजेंद्राला बसवू." शेजारचा गजेंद्र तोंडाने नको नको म्हणत होता आणि बाह्या वर सारत होता.

विद्यावतीने त्याच दुपारी नवऱ्याचा जुना तांबडा स्वेटर उसवला. पंजा उबेत राहील आणि बोटं वाजवायला मोकळी राहतील असे हातमोजे क्रोशाने विणायचे तिने ठरवलं. चौकोनी पट्टी विणायची, घडी घालून शिवायची, अंगठ्यापुरतं भोक सोडायचं. नक्षीदार रुमाल विणणाऱ्या बाईला हा म्हणजे हातचा मळ.

सोमवारी तुलसीरामने मोहरी-हळदीत मुरवलेल्या माशाचा विंदाय ताट पुसून खाल्ला आणि म्हणाला, "बेस झालाय गो." त्या आनंदात डावा मोजा दिवे लागायच्या आत पुरा झाला. मंगळवारी शिळा विंदाय खाताना त्याने पुढचं वाक्य जोडलं, "इंद्रानीचा पन असाच होतो. ती मोवरी जरा जास्ती घालते." इंद्राणी म्हणजे गजेंद्रची बायको. नवऱ्याला कधी उलट शब्द बोलत नाही म्हणून गावभर तिचं नाव होतं, आणि ते नाव विद्यावतीला रोज कुणी ना कुणी ऐकवायचं. उजवा मोजा तिने त्या दुपारी विणला.

डावा तुलसीरामच्या हाताला पिशवीसारखा झाला. उजवा अंगठ्याच्या बुंध्याशीच अडला.

"तुमचा हातच सुजलाय," विद्यावती म्हणाली.

"माज्या हाताला कय धाड भरली? तूच टाके मोज."

तिने मोजले. इकडे छत्तीस, तिकडे छत्तीस. सुई तीच, लोकर तीच. शेवटी ती दोन्ही मोजे घेऊन जमुनाकाकीकडे गेली. अख्ख्या गल्लीला क्रोशा शिकवला तो काकीनेच. काकीने दोन्ही ताणून पाहिले आणि विचारलं, "काल घरात कय झाला?"

"कय नाय."

"नाय कसा? ह्यो डावा हसत विनलाय. उजवा दात खाऊन. उसव त्याला, आनि घरवाल्याला सांग, दोन दिवस गोड बोल."

निरोप पोचला. दुसऱ्या दिवशी तुलसीराम कामावरून येताना गरम गातो पिमांचा, म्हणजे मिरची-डाळीच्या भज्यांचा, पुडा घेऊन आला. तो बायकोसमोर ठेवून म्हणाला, "तुज्यासारखी विननारी सें पिएरात नाय. आनि तुज्यासारखा विंदाय तर अख्ख्या मोरिशसात नाय."

विद्यावतीची सुई थांबली. बावीस वर्षांच्या संसारात आपण होऊन त्याने भजी एकदाच आणली होती, आणि त्या दिवशी तो तिला न विचारता तिची बकरी देऊन आला होता.

"कय करून आलात?"

"कय नाय गो."

"कुनाला कय देऊन आलात?"

बिचारा शपथा घेत राहिला, आणि प्रत्येक शपथेला टाका आणखी आवळत गेला. हा उजवा पहिल्यापेक्षा घट्ट झाला. मग काकीने तुलसीरामला गप्प बसायला सांगितलं. तो गप्प बसला, तर हा काहीतरी लपवतोय म्हणून तिसरा त्याहून घट्ट. तेवढ्यात रविवार उजाडला.

खोबरेल चोपडून, मनगट धरून, दोघांनी मिळून तो तिसरा मोजा कसाबसा चढवला. तुलसीराम तालमीला मंडळाच्या बैठकेकडे निघाला तेव्हा विद्यावतीला रडू येत होतं. सासऱ्यांच्या वेळेपासूनची ढोलकी आपल्या रागापायी हातची जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पण ढोलकीचंही एक तोंड सैल असतं आणि एक ताणलेलं. सैल मोज्यातला डावा हात मऊ, भरीव घुमू लागला. आवळलेल्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून अशी कडक पडू लागली, की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलले. ताल एकदाही सुटला नाही. बाबूरावांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "एक सैल, एक घट्ट. कुनी सुचवला रे?"

"घरातून," तुलसीराम म्हणाला. "तिला ढोलकीतला समजता."

बैठकेच्या दारातून बघणाऱ्या विद्यावतीने मान खाली घातली. तिला इतका आनंद झाला होता, की त्या क्षणी मोजा विणायला घेतला असता तर त्यात भोपळा मावला असता.

जमुनाकाकीच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे मोज्यांचा खरा इतिहास संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला. गजेंद्र सगळ्यांना ऐकवू लागला, "आमच्या घरात भांडन नाय. माजे दोन्ही सैल होतील, बगाच." आणि त्याने इंद्राणीला लोकर आणून दिली.

गुरुवारी दुपारी इंद्राणी मागच्या दाराने आली. पदराखालून तिने दोन हिरवे मोजे काढले. दोन्हींत तान्ह्या पोराचा हातही गेला नसता.

"छत्तीसच टाके घातले, वयनी," ती हळूच म्हणाली. "तीनदा मोजले."

विद्यावतीने एक मोजा ताणून पाहिला. तो सुताभरही हलला नाही. विद्यावतीने मागचं दार लावलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि पाट सरकवून दिला.

"बस," ती म्हणाली. "लग्नापासून सांग."