बोरीच्या सर्व्हरावर पहारेकरी बसविल्याची हकीकत

बाळांनो, घटकाभर डोळे मिटा आणि मनात आणा: शाळेची संगणकखोली हा किल्ला, कोपऱ्यात गुरगुरणारा लिनक्स सर्व्हर हा किल्ल्यातला खजिना, आणि दाराशी पहारेकरी नाही. शंभूमहादेवाचे कृपेकरून बोरीच्या शाळेत जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो, चित्त देऊन ऐकणे.

जिल्ह्याच्या हुजुरातून फर्मान आले की, ज्या सर्व्हरावर सुरक्षा एजंट नामे पहारेकरी बसून त्याची नोंदणी होणार नाही, तो बाराचे ठोक्यास जाळ्यातून तोडावा. त्या खजिन्यात सहावीतल्या शिवरंजनीने महिनाभर बाभळीखाली बसून टिपलेली सुगरणीच्या घरट्याची फिल्म होती, आणि सवाबाराला ती पाथरीच्या शाळेत पडद्यावर झळकायची होती. सर्व्हर तुटता सर्व बुडाले. मग मुख्याध्यापक राजश्री अण्णाराव गुरुजी खासे खुर्चीवर आरूढ जाहले, आणि संगणकाच्या सरदार मनिषाबाईंनी कीबोर्ड हाती धरिला, आणि शिवरंजनी पडद्यावरचे खलिते वाचावयास शेजारी बसली.

मनिषाबाईंनी सुडो हा हुकुमाचा शिक्का मारून पहारेकरी आत घेतला. तो मुकाट येऊन बसला. राहिली नोंदणी. तिजसाठी जिल्ह्याकडून किल्ली, म्हणजे परवलीचा सांकेतिक शब्द, मागवावी लागे, आणि किल्लीची उमर दहा मिनिटे. किल्ली आली, लाविली, आणि सर्व्हराने जबाब दिला की मुदत सरली. दुसरी आणिली, तीही मयत. तिसरी तर येताक्षणी मयत.

गुरुजी फोनवर गर्जले, "तुमी शिळ्या किल्ल्या पाठवायलाव का आमाला?"

जिल्ह्याचे कारकून बोलिले की माल ताजा आहे, किल्लाच आजारी असेल. मग पहारेकऱ्यास काढून पुन्हा बसविले, आणि सर्व्हर निजवून पुन्हा उठविला, व्यर्थ. पडद्यावर अकरा पंचावन्न जाहले आणि फौजेचा धीर सुटला.

तोच शिवरंजनी ओरडली, "बाई, तुमच्या मोबाइलात तर अकरा पस्तीसच हायेत!"

सर्वांच्या माना गुरुजींकडे वळल्या. त्यांचा रिवाज असा की, मुले वेळेवर यावीत म्हणोन शाळेतले एकूण एक घड्याळ वीस मिनिटे पुढे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सर्व्हरासही तीच शिस्त लाविली होती. दहा मिनिटे जगणारी किल्ली वीस मिनिटे पुढल्या मुलखात जिवंत पोचावी कशी?

"अवो गुरुजी," मनिषाबाई हसत सुटल्या, "सर्व्हरला कुठं प्रार्थनेला उशीर व्हायलाय?"

"शिस्त सगळ्याला सारखी," गुरुजी खाकरले, आणि त्यांनी काळास वीस मिनिटे माघारी फिरण्याचा हुकूम सोडिला.

काळ मुकाट फिरला. फौजेस वीस मिनिटे इनाम मिळाली, आणि चौथी किल्ली लागली, आणि पडद्यावर उमटले: नोंदणी यशस्वी. येणेप्रमाणे बोरीचा पहारेकरी अकरा बेचाळीसला कायम जाहला, आणि सवाबाराला सुगरणीच्या नराने पाथरीच्या पडद्यावर पहिली काडी ओवली, हे दफ्तरी दाखल.

मग गुरुजींनी खूष होऊन शिवरंजनीस मुभा दिली की, भिंतीवरचे घड्याळही तूच खरे कर. तिने स्टूल ओढिले, वर चढली, काट्यास बोट लाविले, आणि थबकली. शाळा सुटण्याची घंटाही त्याच घड्याळावर वाजत असे. काटा मागे गेला तर आज सुट्टी वीस मिनिटे उशिरा.

ती गुपचूप खाली उतरली आणि स्टूल होते तिथे ठेवून आली.